लाह्या तळाशी जात नाहीत

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा मासे बोलत असत, पण त्यांचं ऐकून घेणारी माणसं तेव्हाही थोडीच होती.

एका राजानं लांबच्या मुलखातली मुलगी राणी करून आणली. मुलीचं माहेर नदीकाठचं. पाठवणीच्या वेळी आईनं लुगडी दिली, दागिने दिले आणि शेवटी पाण्यानं भरलेली एक तांब्याची घागर पालखीत ठेवली. घागरीत होता एक शिंगटा मासा. वीतभर लांब, काळपट, चपट्या डोक्याचा, तोंडाला मांजरासारख्या मिशा. राणी माहेरी घाटाच्या पायरीवर बसून रोज त्याला खाऊ घालायची.

सासरी सगळ्यांनी घागरीत डोकावून पाहिलं. राजाची आई, थोरल्या राणीसाहेब, जिभेच्या फार तिखट. त्या म्हणाल्या, "लोकांच्या सुना गाय आणतात, घोडा आणतात. आमच्या सूनबाईंनी मिशीवाला आणलाय."

सगळे हसले. राणीही हसली, पण घागरीवर हात ठेवून हसली.

राजा मनाचा वाईट नव्हता. त्यानं एका फिरत्या कारागिराकडून काचेचा मोठा हौद करून घेतला आणि शिंगटा त्यात सोडला. मासा जाऊन बसला तळाच्या कोपऱ्यात. हलेना की डुलेना. राजा म्हणाला, "एकटा पडलाय बिचारा. त्याला सोबत देऊ."

मग तळ्यांतून, ओढ्यांतून मासे आले. चांदीच्या सुरीसारखे अळकुट आले, ते पाण्याच्या अगदी वरच्या अंगाला पळायचे. बोटाच्या पेराएवढ्या खवल्या आल्या, शेपटीपाशी काळा ठिपका लावलेल्या. त्या मधल्या पाण्यात घोळक्यानं फिरायच्या. हौद कसा भरून गेला. राजा येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट दाखवून सांगायचा, "बघा, माझं राज्यही असंच आहे. सगळे एका पाण्यात नांदतात."

आता खायला काय घालायचं? राणी म्हणाली, "आमच्याकडे कणकेच्या गोळ्या टाकतात. घट्ट मळून."

"राणीनं कणकेत हात बरबटायचे?" थोरल्या राणीसाहेब म्हणाल्या. "इथे देवाच्या तळ्यात लाह्या उधळतात. हौदातही लाह्याच पडतील."

राणी नवी होती. तिनं पुन्हा कणकेचं नाव काढलं नाही.

रोज सकाळी राजा स्वतःच्या हातानं चांदीच्या परातीतून लाह्या उधळायचा. भरभरून, सगळ्यांना सारख्या. पाण्यावर पांढरीशुभ्र चादर पसरायची. अळकुट झडप घालायचे, खवल्या उरलंसुरलं टिपायच्या, आणि घटकाभरात पाणी पुन्हा नितळ. बघणारे टाळ्या वाजवायचे. तळाकडे कुणी बघत नव्हतं. तिथे बघण्यासारखं होतं तरी काय?

थंडी सरली आणि खवल्या कमी दिसू लागल्या.

राजा मोजायला बसला. पण मासे थोडेच पाटावर बसून मोजून घेतात? कधी जास्त भरायच्या, कधी कमी. राजाचं जेवणात लक्ष लागेना. दरबार चालू असताना मध्येच उठून हौदापाशी यायचा. शेवटी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच खवल्या उरल्या, तेव्हा चुकायलाही जागा राहिली नाही.

"हे त्या मिशीवाल्याचं काम," थोरल्या राणीसाहेब म्हणाल्या. "तोंड बघा त्याचं. एवढं तोंड देवानं लाह्या खायला दिलंय का?"

"तो असं करायचा नाही," राणी म्हणाली. "आमच्या घाटावर बारके मासे त्याच्या मिशांशी खेळायचे."

राजानं एक कायदा केला होता, एकमेकांना लुबाडणाऱ्या माणसांसाठी. जो सोबत्याला खाईल, त्याला या राज्यात पाणी नाही. तो राणीला म्हणाला, "कायदा सगळ्यांना एकच. येत्या पौर्णिमेपर्यंत तूच पहारा कर. तू जे सांगशील ते मी खरं धरीन. पण त्यानं खाल्लं असेल, तर त्याला उचलून वाळूवर टाकावं लागेल."

तेव्हापासून राणीला चैन पडेना. बसली की उठावंसं वाटे, उठली की कुठे जावं ते कळेना. दासी वेणी घालायला यायची, तर अर्धी वेणी हातातून सोडवून राणी हौदाकडे निघायची. काचेच्या अलीकडे राणी येरझारा घालायची आणि पलीकडे शिंगटा. पूर्वी कोपऱ्यात दगडासारखा बसणारा मासा, आता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पुन्हा माघारी, पुन्हा पुढे. राणीला वाटलं, कायदा त्याच्याही कानावर गेलाय.

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी सगळा राजवाडा जेवून लवंडला होता. राणी काचेला कपाळ टेकून बसली होती. घोळक्यातली एक चुकार खवली खाली उतरली. शिंगटा वळला. तोंड उघडलं, तोंड मिटलं. पाणी जरासं ढवळलं आणि खवली नव्हती.

"का रे?" राणीनं विचारलं. "मी तुझ्यासाठी शब्द टाकला होता."

शिंगटा बोलला, "घाटावर तू गोळी टाकायचीस, ती माझ्या तोंडापर्यंत यायची. इथे रोज वर टाळ्या वाजलेल्या ऐकतो. खाली काही येत नाही."

"मग वर जायचंस."

"गेलो होतो. वर अळकुटांची झुंबड, आणि माझं तोंड खालच्या अंगाला. तळावरचं उचलणारं तोंड आहे हे. इतकी वर्षं घास भरवलास, तुला ठाऊक नाही?"

राणीला ठाऊक होतं. म्हणून तर आई कणीक घट्ट मळून द्यायची.

ती रात्र राणीनं कशी काढली, ते तिलाच माहीत. खोटं बोलावं तर मासा वाचत होता, पण उरलेल्या खवल्या जात होत्या. खरं बोलावं तर माहेरचं जिवंत असं एवढंच तिच्यापाशी होतं, ते वाळूवर तडफडणार होतं.

सकाळी सगळे हौदाभोवती जमले. राजानं विचारलं, "काय पाहिलंस?"

"त्यानं खाल्ली," राणी म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत."

राजाचं तोंड उतरलं. त्याला हे उत्तर नको होतं. थोरल्या राणीसाहेब म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं."

"शिक्षेआधी माझं एक ऐका," राणी म्हणाली. "आजच्या लाह्या टाका, आणि सगळ्यांनी खाली जमिनीवर बसून बघा."

"मी जमिनीवर बसू? मग मला उठवणार कोण?"

"मी हात देईन, आईसाहेब."

राजानं परात रिकामी केली आणि तोही बसला. खालून बघताना लाह्यांची नुसती पांढरी सावली दिसत होती. वर खळबळ झाली, सावली विरली, पाणी नितळ झालं. आणि तळाशी शिंगटा मिशा फिरवत होता, या दगडाखाली, त्या दगडाखाली, पुन्हा पहिल्या दगडाखाली. पोट पाठीला लागलेलं.

राणीनं हळूच विचारलं, "आईसाहेब, घरात शेवटची पंगत कुणाची?"

"बायकांची. त्यातही नव्या सुनेचं ताट सगळ्यांत शेवटी."

"तेव्हा पातेल्यात काय असतं?"

थोरल्या राणीसाहेब शिंगट्याच्या मिशांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आवाज असतो. पळी बुडाला घासल्याचा. मी ऐकलाय तो पुष्कळ वर्षं. आणि पहिल्या पंगतीतले म्हणत असतात, आज स्वयंपाक काय भरपूर झाला होता."

त्या लेकाकडे वळल्या. "अरे, खाणाऱ्याला तुझ्या कायद्यात शिक्षा आहे. घास न पोचवणाऱ्याला काय आहे?"

राजानं रिकाम्या परातीकडे पाहिलं.

"कणीक आणा गं कुणीतरी," म्हातारी म्हणाली. "पाणी बेतानं घाला. सैल झाली तर वरच फुटेल."

कणीक त्यांनीच मळली. राणीनं हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळल्या आणि एक सोडली. गोळी अळकुटांमधून, खवल्यांमधून निसटली आणि थेट तळाला गेली. शिंगट्यानं आधी मिशी लावली, मग तोंड. राणीनं पदराचा बोळा तोंडाशी धरला.

राजानं मासा वाळूवर टाकला नाही. हौदात दगड रचले, शेवाळ लावलं, म्हणजे बारक्यांना लपायला जागा झाली. वर लाह्या पडू लागल्या, खाली गोळ्या. पुढे एकही खवली नाहीशी झाली नाही. तरी खवल्या बरेच दिवस शिंगट्याच्या वाऱ्याला उभ्या राहत नव्हत्या, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

राजाला हुरूप आला. म्हणाला, "आता मरळ आणू. तिलाही पोटभर घालू."

"मरळ पोट भरलं तरी झडप घालते, तुझ्या मामासारखी," थोरल्या राणीसाहेब म्हणाल्या. "तिचं तळं तिला बरं."

मरळ तळ्यातच राहिली. राजा पाहुण्यांना हौद दाखवायचा, पण त्याआधी त्यांना जमिनीवर बसवायचा. आणि त्या राजवाड्यात शेवटच्या पंगतीची ताटं पहिल्या पंगतीच्या आधी वाढून, झाकून ठेवू लागले.

तात्पर्य: सगळ्यांना सारखं उधळलं म्हणून सगळ्यांना सारखं पोचत नाही, तळाशी कोण उपाशी आहे, ते खाली बसून बघावं लागतं.