तीन वेढ्यांच्या आत

ओढ्याकाठच्या एका दाट जंगलात, पाण्यावर झुकलेल्या जांभळीवर एक शेकरू राहत असे. शेपटी झुबकेदार, स्वभाव टापटिपीचा आणि जंगलात मान मोठा, म्हणून लहानथोर सगळे तिला शेकरूताई म्हणत. तिच्या घरात होतं काय? दोर. वेलींचे, सोललेल्या सालींचे, जाडे, बारीक, आखूड आणि लांब. प्रत्येक दोराला फांदीवर आपापला खुंट होता. वेटोळं घालताना ती एक वेढा वरून घेई आणि पुढचा खालून, म्हणजे दोराला पीळ बसत नसे. शेवटी सुरगाठ मारी. टोक ओढलं की दोर सरसर खाली!

आता तुम्ही हसाल, की दोर तो दोर, कसा का ठेवेना! हसा बापडे. पण मग आपल्या घरातला तो खण उघडा, ज्यात तीन चार्जरच्या वायरी आणि जुन्या रेडिओची वायर एकमेकींच्या गळ्यात गळे घालून पडल्या आहेत. बागेतली पाण्याची नळीही बघा. पाणी येत नाही म्हणून तुम्ही नळावर चिडता, आणि नळी असते कुठेतरी मध्येच मुडपलेली. शेकरूताईला असलं काही खपत नसे.

तिच्याकडचा सगळ्यात लांब दोर एकीसाठी राखून ठेवलेला होता. जांभळीखालच्या दरडीत, बिळात, एक म्हातारी घूस राहत असे. श्रावणात ओढा फुगला की बिळापासून वर जायची वाट आधी बुडे. मग घूस समोरच्या काळ्या दगडावर चढून हाक मारी, शेकरूताई वरून दोर सोडी, आणि घूस दातांनी, पंजांनी दोर धरून धापा टाकत वर येई. सहा पावसाळे हे असंच चाललं होतं. घुशीची लेक तिला दरवर्षी डोंगरावर राहायला बोलवी. पण घूस म्हणे, "कशाला गं? शेकरूताईचा दोर आहे ना डोक्यावर! मी कुठ्ठे जायची नाही."

एके दिवशी शेजारचं माकड आलं. जंगलात त्याच्याइतकं गोड बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

"ताई, सोयरे यायचेत आमच्याकडे. पंचमीला मुलांसाठी झोका बांधायचाय. तो लांब दोर दे ना, दोन दिवसांत आणून देतो."

शेकरूताईचा जीव खालीवर झाला. "अरे, तो घुशीसाठी ठेवलाय. पाऊस वाढायच्या आत आण बरं. आणि कोपरावर गुंडाळू नकोस, पीळ बसतो."

"घ्या! आता माकडाला दोर गुंडाळायला शिकवा!" माकड हसत हसत दोर घेऊन गेलं.

दोन दिवसांचे नऊ झाले. झोका सुटला, सोयरे गेले, दोर चिखलात पडला आणि मुलांनी यथेच्छ तुडवला. नवव्या दिवशी माकडाने तो उचलला आणि पंजा ते कोपर, पंजा ते कोपर असा खसाखसा गुंडाळला. पिळावर पीळ चढला, एका फासात दुसरा फास अडकला, आणि बघता बघता हातात उरला एक भलामोठा गुंता. तो सोडवायला दुपार गेली असती. माकडाला कंटाळा आला. मग त्या लबाडाने काय करावं? गुंता दाबून दाबून चपटा केला आणि उरलेल्या दोराचे वरून तीन वेढे घेतले. अगदी गोल, अगदी सैल, शेकरूताईच्या हातचे वाटावेत असे. वर सुरगाठ. आणि मधोमध पानांचा द्रोण ठेवून त्यात पिकलेली उंबरं.

"रिकाम्या हाताने कसा परत करू, ताई?" माकड म्हणालं.

शेकरूताईने वेटोळं हातात घेतलं. ते मध्येच जरा कडक लागलं. तिचा पंजा आपोआप सुरगाठीकडे गेला. पण समोर माकड उभं, तोंडभर हसू, द्रोणात एवढी ताजी उंबरं. आणलेल्याच्या देखत वस्तू उलगडून बघायची? बरं दिसत नाही. काय म्हणेल बिचारं? तिने पंजा मागे घेतला.

बरं, ते गेल्यावर तरी बघावं! पण ते गेल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. एवढं आठवणीने फळं घेऊन आलं आणि आपण त्याच्यावर संशय घेतो, म्हणजे काय! तिने उंबरं खाल्ली आणि दोर खुंटाला टांगला.

पाचव्या दिवशी भर दुपारी डोंगरावरून पाण्याचा लोंढा आला. बिळापासून वर जायची वाट बुडाली. घूस काळ्या दगडावर चढली आणि नेहमीसारखी हाक मारली, "ताई, दोर!"

"आले, आले!" शेकरूताईने वेटोळं काढलं, टोक ओढलं. तीन वेढे सरसर खाली गेले. मग धप्प! दोर थांबला. वर तिच्या पंजात उरला तो गुंता.

"ताई, दोन हात कमी पडतोय गं!"

"थांब, सोडवते! दगड सोडू नकोस!"

तिने एक फास दातांनी सैल केला, तर दुसरा आवळला. तो उपसला, तर पहिला पुन्हा बसला. ओला दोर, त्याला माकडाच्या कोपराचा पीळ. ओढावं तितका घट्ट होई. खाली पाणी घुशीच्या पोटाला लागलं. घुशीने उडी मारून पाहिली. म्हातारं शरीर ते, टोकाला नुसतं नाक लागलं.

शेकरूताईने गुंता टाकला आणि आखूड दोर काढले. एकाला एक जोडू लागली. पहिली गाठ बसली. दुसरी ओल्या सालीवरून निसटली.

"ताई, झालं का गं?" घुशीच्या आवाजात राग नव्हता. तिला अजूनही खात्री होती, याचंच शेकरूताईला फार लागलं.

"झालं गं बाई, झालंच!"

दुसरी गाठ बसली. तिने दोर खाली सोडला. तो बरोबर दगडापर्यंत पोचला. दगडावर कोणी नव्हतं.

पाणी ओसरल्यावर सगळे जांभळीखाली जमले. घुशीची लेक डोंगरावरून आली होती आणि मान खाली घालून बसली होती. शेकरूताईने तो गुंता सर्वांपुढे ठेवला. "हा मला माकडाने असा दिला," ती म्हणाली.

माकडाने डोळे पुसले. खरोखर पुसले हो! मग हळूच म्हणालं, "ताई, दुःखात आहेस, म्हणून मी काही बोलत नाही. पण दोर पाच दिवस कोणाच्या खुंटाला होता? आपली वस्तू आपण बघायला नको?"

"बघायला हवी होती," कोल्हा म्हणाला.

"हवीच होती," हरणं म्हणाली.

माकड खोटं बोललं असतं तर शेकरूताई त्याला फाडून खायला धावली असती. पण एवढं एक वाक्य त्या लबाडाचं खरं होतं. घुशीच्या लेकीने मान वर केली ती तिच्याकडे बघायला, माकडाकडे नाही.

सगळे पांगले. माकडाचं काहीही बिघडलं नाही. उलट दोर कसे जपावेत यावर ते आता झाडोझाडी चार शब्द सांगतं आणि ऐकणारे माना डोलावतात.

पुढच्या महिन्यात सशाने नेलेला दोर परत आणला. सोबत पानात बांधलेले कोवळे कंद होते. शेकरूताईने कंद बाजूला ठेवले आणि सशासमोरच दोर पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत उलगडला. दोर अगदी नीट होता. सशाचे कान पडले.

"ताई, माझ्यावर एवढाही विश्वास नाही?"

"नाही," शेकरूताई म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून वेढे घेऊ लागली. ससा त्यानंतर तिच्याकडे आला नाही.

तात्पर्य : दिलेली वस्तू परत आली की आणणाऱ्याच्या देखतच उलगडून पाहावी. तो रुसला तर रुसू द्यावा. त्याचं मन राखण्याची किंमत भलत्याच कोणाला तरी जिवाने मोजावी लागते.