ध्यानाच्या खोलीचा रंग

"...म्हणजे बुवा, निळ्यानं मन शांत होतं, हे तुम्हालाही पटतं ना?"

चिमणबुवा ध्यानाच्या खोलीत बसले होते. ते पेल्यातलं ताक संपवत होते.

त्र्यंबकरावांना घाई होती. इतकी वर्षं बुवांचं शिष्यत्व मिरवूनही ध्यान काही लागत नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं, तसं त्यांनी सगळं खापर खोलीच्या भिंतींवर फोडलं होतं. खोलीला गडद निळा रंग दिला की ध्यान लागलंच म्हणून समजा!

इंदुताईंना मात्र हळदीसारखा पिवळा हवा होता. खोलीत आधीच अंधार, असं त्यांचं म्हणणं. त्यावरून नवरा-बायकोत जो अबोला सुरू झाला, तो घरात मुक्कामच ठोकून बसला. निरोपांची ने-आण रंगारी इस्माईल करायचा. बिचारा आला होता रंग द्यायला. एका भिंतीवर निळा आणि समोरच्या भिंतीवर पिवळा असे नमुन्याचे रुंद पट्टे मारून तो वाट बघत होता.

"इस्माईल, यांना सांग, गुरूंना असं कोंडीत पकडू नये."

"तिला सांग, गुरू माझे आहेत."

बुवांनी मिशा पुसल्या.

"त्र्यंबका, पिवळ्याला पाठ लावून बस."

त्र्यंबकराव हरखले. पिवळा दिसायलाच नको! ते ऐटीत मांडी घालून बसले.

"इंदू, तू निळ्याला."

त्याही खुशीत बसल्या.

"आता बघा आपापला रंग."

...

"दिसला का निळा?"

"दिसतो... पण ही मधे येते."

"मग तिला चुकवून बघ."

त्र्यंबकरावांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली. समोर इंदुताईंचंही तेच चाललं होतं. नजरानजर झाली आणि इंदुताईंना हसू फुटलं. ते काही केल्या आवरेना.

हसताना हिचे डोळे मिटतात... हे आपण विसरलोच होतो की! त्र्यंबकरावांना एकदम भरून आलं.

"निळ्यावर छान दिसतेस," ते म्हणाले. थेट तिलाच.

"तुम्हीही पिवळ्यावर काही वाईट नाही दिसत."

...

इस्माईल दोन्ही डबे घेऊन पुढे आला.

"साहेब, यातला कुठला उघडू?"

दोघं अजून एकमेकांकडेच बघत होते.

"साहेब..."

बुवांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल रे. ध्यान लागलंय."