डबक्याकाठचा तास

“पण आजी, या डबक्यात मुलांना दाखवू तरी काय?”

शर्वरीने तिसऱ्यांदा विचारलं. हातातल्या कागदावर तीस जीवांची नावं होती, तिने स्वतः टाइप केलेली. समुद्रजीवांच्या अभ्यासाची पदवी घेऊन ती गावच्या शाळेत लागली होती आणि आज पहिल्यांदाच चौथीच्या मुलांना घेऊन ओहोटीने उघड्या पडलेल्या कातळांवर, खडपावर आली होती.

मुलं मात्र काठ्यांनी पाणी ढवळत होती.

“बाई, हंय काय एक नाय!” गौरेशने जाहीर करून टाकलं.

शर्वरीचे कान तापले.

सोबत आलेल्या सुंदराआजीचा जन्म याच कातळांवर कालवं काढण्यात गेला होता. तिने टोपली खाली ठेवली आणि डबक्याच्या कडेला फतकल मारली.

“बसा.”

मुलं बसली.

“आणि आता?” शर्वरी उभीच होती.

“तू पण बस गो बाय.”

…

गढूळ पाणी हळूहळू निवळलं. कुणी शिंकलं, कुणी हसू दाबलं. मग तेही थांबलं.

तळाचा एक शंख चालू लागला.

त्याच्याखाली खेकड्याचे इवलेसे पाय होते. मागून काचेसारखी आरपार कोळंबी आली. दगड वाटलेला मासा दगडावरून निसटून गेला.

नाव सांगायला शर्वरीने तोंड उघडलं. आजीने तिच्या मनगटावर ओला हात ठेवला.

शर्वरी पाण्यावर वाकली.

“त्याका घर मोठा झाला,” लहानगी कस्तुरी कुजबुजली. “ओढताना दमता तो.”

“वाढात मगे,” गौरेश म्हणाला. त्याची काठी केव्हाच बाजूला पडली होती.

…

कॉलेजात हा खेकडा शर्वरीने बाटलीत पाहिला होता, त्याची चित्रं काढली होती, त्यावर मार्क मिळवले होते. तो चालताना थांबतो, मिशा हलवून कानोसा घेतो, हे तिला आज कळत होतं.

भरतीचं पाणी कातळावर चढू लागलं तरी मुलं उठेनात. एकेकाला हाताला धरून उठवावं लागलं. नावांचा कागद न वाचताच राहिला होता, आणि शर्वरीला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

“आजी, उद्या कुठल्या डबक्याशी नेऊ यांना?”

“ह्याच.”

“पण हे तर बघून झालं!”

आजीने टोपली डोक्यावर घेतली.

“तुमचा झाला. ह्या डबक्यातल्या जीवांनी खंय अजून पोरांका बघितल्यानी?”