राणीने ठेवलेलं नाव

एका राज्यात राजाला बिरुदं होती भारंभार, पण लाडाचं नाव होतं एकच. ते ठेवलं होतं राणी कुमुदवतीने. कोणतं नाव? आत्ता विचारू नका, सांगताच येणार नाही. का, ते ऐका.

एके दिवशी भर दरबारात, परराज्यांचे वकील बसलेले असताना, राणीच्या तोंडून ते नाव निघून गेलं. वकील खो खो हसले. राजा वज्रसेन कानापर्यंत लाल झाला. मांत्रिक विकटजट टपूनच बसला होता. म्हणाला, "महाराज, आज्ञा द्या. ते नाव सगळ्यांच्या मनातून पुसतो."

"पुसा!" राजा म्हणाला. झालं! नाव पुसलं गेलं, राणीच्याही मनातून, आणि राजाचे पाय गुडघ्यापर्यंत दगडाचे झाले.

विकटजट म्हणाला, "ज्याला लाडाचं नाव नाही तो माणूस नाही, पुतळा! राणी, चार हाका तुझ्या. हाक चुकली की दगड वर चढेल. चौथी चुकली की सिंहासन माझं."

राणी रडत बसणाऱ्यांतली नव्हती. "अहो, इथून हलू नका, आलेच मी," असं राजाला बजावून तिने सर्व भाषा जाणणारी साळुंकी खांद्यावर घेतली आणि निघाली.

थंडीच्या मुलखात एक बाई नवऱ्याला 'माझा कोबीचा गड्डा' म्हणे. राणीने तिच्या वाफ्यात रोपं लावून दिली, नाव पदरात घेतलं. वाळवंटात दुसरीने आधी उंटांना पाणी पाजून घेतलं, मग सांगितलं, "मी ह्यांना 'माझं यकृत' म्हणते."

"अगं बाई! यकृत?"

"तुम्ही काळीज म्हणता ना? आम्ही जरा खाली उतरतो," ती म्हणाली, आणि साळुंकीसुद्धा हसली.

बेटावरची तिसरी नवऱ्याला 'छोटा हत्ती' म्हणे, आणि नवरा तर अगदी काडीपैलवान. राणीने तिच्या खऱ्याखुऱ्या हत्तीला नदीत घासूनपुसून न्हाऊ घातलं, मग विचारलं, "हे नाव सुचलं कसं हो?"

"सुचलं कुठलं! नवीन लग्न झालेलं. हत्ती पाण्यातून उठेना, तर हेही हट्टाने त्याच्या शेजारी बसून राहिले. तिथेच पडलं नाव."

राणीने ऐकलं न ऐकलंसं केलं. तिला परतायची घाई होती.

दरबारात येऊन तिने ऐटीत हाक मारली, "माझ्या कोबीच्या गड्ड्या!" दगड कमरेपर्यंत चढला. "माझ्या यकृता!" छातीपर्यंत. "छोट्या हत्ती!" गळ्यापर्यंत. विकटजट सिंहासनाची गादी झटकू लागला.

"कुमुद," राजा कसाबसा बोलला, "तेव्हा मी लाजलो. चुकलो. मला माझं नाव हवंय."

राणीचे डोळे भरून आले. उसनी नावं आणली होती तिने, दुसऱ्यांच्या वाफ्यातली आणि नदीतली. मग आपलं नाव कुठे पडलं होतं? नदीवर नव्हे, बागेत नव्हे. आठवेना, पण पाय आपोआप मुदपाकखान्याकडे वळले.

तिथे यमुनाक्का आचारीण बासुंदीचं पातेलं घेऊन खोळंबली होती. "राणीसाहेब, हे घासू का? तुमची आज्ञा आहे ना, बासुंदी झाली की पातेलं महाराजांसाठी तसंच ठेवायचं."

राणीने आत पाहिलं. तळाला तांबूस खरवड लागलेली. आणि लख्ख दिसलं तिला: लग्नाचं पहिलं वर्ष, मुकुट चुलीशेजारी ठेवलेला, महाराजांचं अख्खं डोकं पातेल्यात, हातात उलथनं, मिशीला खरवड.

पातेलं काखोटीला मारून ती दरबारात धावली. विकटजट ओरडला, "शेवटची हाक, राणी!"

"पुरे आहे मला एक!" ती म्हणाली. "अरे माझ्या खरवड्या!"

तड तड तड, दगड फुटला. राजा मोकळा झाला आणि त्याने आधी पातेलंच हातात घेतलं. आता शाप कुठे जाणार? विकटजटाला जन्मात कुणी लाडाने हाक मारली नव्हती. शाप त्याच्याकडे वळला आणि गादी झटकता झटकता तो दगड झाला. त्याच्या खांद्यावर साळुंकीने घरटं बांधलं.

त्या दिवसापासून चोपदार ललकारी देतो, "शत्रुमर्दन, प्रजापालक, राणीसाहेबांचे खरवड्या येत आहेत होऽऽ!" दरबार हसतो, वकील हसतात, आणि राजा मिशी पुसत डौलाने सिंहासनावर बसतो.