आधी पलीकडचा फलक वाचा

एक वृद्ध पाळक आणि त्यांचा तरुण शिष्य हमरस्त्याकाठच्या लहानशा चर्चमध्ये सेवा करीत असत. म्हातारबुवा आता थकले होते. आपल्यामागे व्यासपीठ शिष्याच्या हाती द्यावे की नाही, हे त्यांच्या मनात घोळत होते, आणि शिष्याला ते पक्के ठाऊक होते.

पलीकडे वळणावर दुसरे चर्च होते. तिथल्या फलकावर दर शनिवारी खडूने नवे वाक्य उमटे आणि एस.टी.तली माणसे खिडकीतून वाकून हसत. ती हसायची एस.टी.त, जळफळाट व्हायचा इकडे शिष्याचा. वाक्य फारच झकास असले तर त्या दिवशी त्याला जेवण जात नसे.

एका शनिवारी पलीकडे लिहिले होते, 'टायरचं पंक्चर पुढे निघेल, मनाचं इथे निघतं.' शिष्य दुपारभर अंगणात फेऱ्या घालत राहिला. एका आजारी म्हातारीकडे प्रार्थनेला जायचे होते, तेही राहिले. शेवटी आपल्या फलकावरची उपासनेची वेळ पुसून त्याने ठळक लिहिले, 'नुसतं पंक्चर काढून काय होतं? आम्ही चाकच बदलून देतो.' आणि स्वतःवरच खूश होऊन झोपला.

रविवारी उपासना ऐन रंगात आली असता, अलीकडच्या गावाहून आलेले एक गृहस्थ स्कूटरचे चाक काखेत मारून थेट आत शिरले आणि त्यांनी अदबीने विचारले, "चाक इथंच बदलतात ना?"

मंडळी खुदुखुदु हसू लागली. शिष्याने बायबलात तोंड खुपसले.

उपासना संपल्यावर म्हातारबुवा स्टुलावर चढले आणि शिष्याच्या वाक्याच्या वर त्यांनी लिहिले, 'आधी पलीकडचा फलक वाचा.' शेजारी बाणही काढला.

शिष्य उसळला. "पाळकबाबा, आपल्याच दारात त्यांची जाहिरात?"

"ती तर तू वर्षभर करतोयस," हाताचा खडू झटकत म्हातारबुवा म्हणाले. "ते बोलतात, तू उलट उत्तर देतोस. त्यांचं वाचल्याशिवाय तुझं कळणार कसं? मी वाचणाऱ्याची सोय केली, एवढंच. अरे, या रस्त्यानं एवढी माणसं जातात आणि तू लिहितोस एकट्या पलीकडच्या पाळकासाठी. काल ती म्हातारी दाराकडे डोळे लावून पडली होती. तिला तर वाचताही येत नाही रे."

शिष्याने फलक पुसला, लिहिले, 'उपासना सकाळी आठ वाजता. दार उघडं आहे,' आणि म्हातारीच्या घराकडे निघाला.

म्हातारबुवा पायरीवरून बघत होते. वळणावरच्या फलकापाशी शिष्याची मान वळली. वळणारच. पण पाय थांबले नाहीत. व्यासपीठ कोणाचे, हे तिथेच ठरले.