चिंधी बांधलेला दोडका

एकदा काय झालं, एका राणीला बाग लावायची होती. राणीचं नाव भिवरा. पण ती काही राजकन्या नव्हती बरं का, तीन डोंगरांपलीकडच्या एका माळणीची लेक. लग्न होऊन राजवाड्यात आली आणि त्याच पावसाळ्यात दरड कोसळून वाट बुजली. मग कसलं माहेर नि कसलं काय! तिला आईची फार फार आठवण यायची.

राजा म्हणाला, "मनाजोगती बाग लाव. मागशील ते रोप आणवतो."

मग शिदोबा माळ्यानं शंभर पाकळ्यांचा गुलाब आणला. राणीनं गजरा केला, पण माळला नाही. माळून दाखवायचा कुणाला? मग त्यानं घागरीएवढी वांगी लावली. "छान आहेत," राणी म्हणाली, आणि डोंगराकडे बघत बसली.

शेवटी शिदोबानं विचारलं, "राणीसाहेब, तुमच्या आईच्या परसात काय होतं?"

"दोडका," राणी म्हणाली. "दिवेलागणीला त्याची पिवळी फुलं उमलली की आई मला हाक मारायची."

मग शिदोबानं नाक मुरडत बाजारातलं बी आणून दोडका लावला. तो निघाला कडूजहर. "राहू द्या काका," राणी म्हणाली. "आईचं बी वेगळं होतं." आणि ती रडली.

अशी तीन वर्षं गेली. एका संध्याकाळी बागेच्या भिंतीवरून एक वेल आत डोकावला. त्याला एकच दोडका, वाळून खडंग झालेला. आता, न लावलेलं काही बागेत ठेवायचं नाही हा शिदोबाचा नेम. त्यानं विळा उचलला.

राणी धावली. "थांबा काका. देठाची चिंधी बघा. बियाण्याचा दोडका आहे तो, बी धरायला राखलेला. आमच्याकडे चिंधीवाल्याला विळा लावत नाहीत."

चिंधी हिरवी होती, आईच्या लुगड्याची. राणीनं लगेच ओळखली.

शिदोबानं विळा खाली घेतला. मग काय झालं, दोडका हलला. खुळखुळ. वारा तर नव्हता. पुन्हा हलला. तिसऱ्यांदा हलला आणि भिंतीपलीकडून हाक आली, "भिवरेऽ, घरात ये गं, तिन्हीसांज झाली."

आईच होती ती! तिची नजर गेली होती. मग तिनं दोडक्याला चिंधी बांधून वेलाला सांगितलं होतं, "जा माझ्या लेकीकडे." वेल दरसाल एक डोंगर चढला. आणि तोच वेल धरून, चाचपत चाचपत, म्हातारी आली होती. विळा पडला असता तर ती डोंगरातच राहिली असती रे.

मग त्या दोडक्याचं बी राणीनं गुलाबाशेजारी लावलं. फुलं उमलली की आई हाक मारायची आणि राणी असेल तिथून यायची. सगळी सुखानं राहिली. शिदोबा मात्र विळा लावायच्या आधी चिंधी शोधायला लागला.

चला, माझीही हाक ऐका आता. पांघरूण घ्या, डोळे मिटा.