साळोबा आणि गव्यांचे फणस

डोंगराला अजून कुणी नाव दिलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या एकुलत्या एका झऱ्यातला गाळ साळोबा नावाचं साळिंदर रोज उपसायचं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पाणी नितळ झालं की त्याला बरं वाटायचं, एवढंच. पाणी पिऊन जाताना प्रत्येकानं "साळोबा, तुझे उपकार" म्हणायचं, असा तिथला रिवाज होता. साळोबाला दिवसभर उपकार मिळत. कंद शोधायला मात्र वेळ मिळत नसे.

एकदा गव्यांनी झऱ्याकाठी फणसांचा ढीग आणून टाकला. "सगळ्यात जास्त पाणी आम्हीच पितो," म्हातारा गवा म्हणाला. "हे गाळ काढणाऱ्याला द्या."

साळोबाच्या तोंडाला पाणी सुटलं. पण आधी सभा भरली आणि हुप्प्या वानर अध्यक्ष झाला.

"साळोबा हे काम प्रेमापोटी करतो," हुप्प्या गंभीरपणे म्हणाला. "त्याबद्दल फणस देणं म्हणजे त्या प्रेमाचा अपमान."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सभेत तसंच करतात म्हणून साळोबानंही डोलावली. मग अपमान टळावा म्हणून फणस सभेनंच संपवले, आणि तोंडं पुसून सगळे रिवाजाप्रमाणे "साळोबा, तुझे उपकार" म्हणून गेले.

थोड्याच दिवसांत झऱ्यात नुसता चिखल उरला. शोधाशोध केली, तेव्हा साळोबा पलीकडच्या उतारावर कंद उकरताना सापडला.

"काय रे, आटलं का तुझं प्रेम?" हुप्प्यानं विचारलं.

"नाही हो, अध्यक्ष," घास चावत साळोबा म्हणाला. "प्रेम झऱ्यापाशीच ठेवून आलोय. पोट तेवढं बरोबर आणावं लागलं."